चढावर नेलेली वलये: एका कृत्रिम रेणू-पंपाचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फ्रेझर स्टॉडर्ट यांच्या संशोधनगटाने २०१५ मध्ये एका कृत्रिम रेणूचे काम प्रसिद्ध केले. हा रेणू द्रावणात मोकळी फिरणारी वलयाकार संयुगे एकेक करून आपल्या साखळीवर ओढून घेतो आणि जिथे ती आपण होऊन कधीच गेली नसती अशा जागी त्यांना साठवून ठेवतो. ही वलये एकमेकांना दूर लोटतात, साखळीशी त्यांचे काही आकर्षण नसते, आणि तरीही ती तिथे टिकून राहतात. पाणी उताराने वाहते तसे रेणूही कमी ऊर्जेच्या स्थितीकडे जातात. इथे त्यांना चढावर नेले गेले, म्हणून या रेणूला पंप हे नाव शोभते.

हा अभ्यास प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांच्या आधारे त्या रेणूची जडणघडण मांडतो. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे प्रमुख सर्वपरिचित असल्यामुळे त्यांची नावे दिली आहेत. प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचा आणि नवसंशोधकांचा उल्लेख मात्र ‘गट’ असाच केला आहे. प्रकरणाचा गाभा एका रचनाविषयक निर्णयात आहे. वलयाला पुढे ढकलणारा जोर कुठून आणायचा, यापेक्षा त्याचा परतीचा रस्ता नेमका केव्हा बंद करायचा, हा प्रश्न गटाने आधी हाती घेतला, आणि पुढचे बहुतेक सगळे त्यातून आले, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी

सजीवांच्या पेशींत पंप सर्वत्र असतात. त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये त्यामागचे विकर ओळखले. पेशीचे ऊर्जा-इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्चून हे प्रथिन तीन सोडियम आयन पेशीबाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आयन आत घेते. दोन्ही आयन आपापल्या संहतीच्या उताराविरुद्ध जातात. या विषमतेवरच पुढे मज्जातंतूंतून संदेश वाहतात, म्हणजे पंपाने साठवलेली ऊर्जा नंतर कामी येते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण प्रकरणाच्या अखेरीस त्याकडे परत यावे लागेल.

असे काही प्रयोगशाळेत घडवायचे तर आधी असे भाग हवे होते, जे एकमेकांत अडकलेले आहेत पण एकमेकांना रासायनिक बंधाने जोडलेले नाहीत. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ज्याँ-पिएर सोव्हाज यांनी १९८३ मध्ये तांब्याच्या आयनाभोवती तुकडे जुळवून घेऊन, साखळीच्या दोन कड्यांप्रमाणे एकमेकांत अडकलेला कॅटिनेन चांगल्या प्रमाणात मिळवून दाखवला. स्टॉडर्ट तेव्हा इंग्लंडमध्ये शेफील्डला होते. तिथे १९८८ मध्ये त्यांच्या गटाने चार धनप्रभार असलेले एक चौकोनी वलय बनवले, ज्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू व्हायोलोजेन नावाच्या घटकाच्या आहेत. रसायनशास्त्रज्ञ त्याला ‘ब्लू बॉक्स’ म्हणतात. गंमत अशी, की हे संयुग स्वतः रंगहीन आहे. स्टॉडर्ट आपल्या आकृत्यांत ते निळ्या शाईने रंगवीत आणि तेच नाव त्याला चिकटले.

१९९१ मध्ये हेच वलय एका दांड्यावर ओवून आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना अवजड गट बसवून ‘रेणू-शटल’ तयार झाले. वलय निसटू शकत नव्हते, पण दांड्यावरच्या दोन सारख्या जागांमध्ये ते ये-जा करत राहिले. १९९४ मध्ये या दोन जागा वेगवेगळ्या करण्यात आल्या, आणि आम्ल घालून किंवा विद्युत विभव बदलून वलय कोणत्या जागी राहील हे ठरवता येऊ लागले. या स्विचांची मजल पुढे बरीच लांब गेली: कॅलिफोर्नियातील सहकाऱ्यांबरोबर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात अशाच द्विस्थिर रोटाक्सेनांचा, म्हणजे दांड्यावर वलय अडकवलेल्या आणि दोन स्थितींत राहू शकणाऱ्या रेणूंचा, वापर करून १,६०,००० बिटांची स्मृतिपट्टी बनवली गेली होती, जरी तिच्यातले अनेक घटक सदोष होते आणि जे चालत ते थोड्याच वेळा उलटसुलट करता येत. २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सोव्हाज, स्टॉडर्ट आणि नेदरलँड्सचे बेन फेरिंगा यांना रेणू-यंत्रांच्या रचनेसाठी व संश्लेषणासाठी विभागून मिळाले, तेव्हा या सर्व कामाची दखल घेतली गेली. प्रस्तुत पंप त्या घोषणेच्या आदल्या वर्षीचा आहे.

अडचण

शटलला स्विच म्हणायला हरकत नाही, पण यंत्र म्हणताना थोडे थांबावे लागते. स्विच एका बाजूला केला की वलय पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. स्विच पूर्ववत केला की ते त्याच वाटेने परत येते, आणि जाताना जे काही काम झाले असेल ते येताना पुसले जाते. असा स्विच हजार वेळा उघडला-मिटला तरी शेवटी हाती काही शिल्लक राहत नाही. पंपाकडून अपेक्षा याच्या नेमकी उलट असते: यंत्र स्वतः मूळ स्थितीत परत यावे, पण त्याने उचललेला माल मात्र परत येऊ नये.

शेतातल्या विहिरीवरची मोटर आठवली तर ही अडचण चटकन समजते. चोषण नळीच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह नसेल, तर मोटर बंद होताच नळीतले पाणी पुन्हा विहिरीत उतरते. तेव्हा रेणूलाही असाच एक व्हॉल्व्ह बसवावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या आकारमानात हा उपाय लागू पडत नाही, आणि याचे कारण या प्रकरणात फार महत्त्वाचे आहे. काही नॅनोमीटर लांबीचा रेणू द्रावणात असताना चहूबाजूंनी द्रावकाच्या रेणूंचे धक्के खात असतो. खोलीच्या तापमानाला त्याची भोवतालाशी होणारी ऊर्जेची देवाणघेवाण एका वॅटच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास असते; पेशीतली प्रथिन-यंत्रे एटीपीतून जी शक्ती मिळवतात, ती याच्या तुलनेत कोट्यवधी पटींनी कमी असते. इतक्या वादळात व्हॉल्व्हची झडपही स्थिर राहत नाही. ती स्वतःच धक्के खाऊन कधी उघडते, कधी मिटते, आणि समतोल असताना जेवढे कण पुढे जातात तेवढेच मागे येतात. रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत खटक्याच्या दातेरी चाकाचे उदाहरण घेऊन हेच दाखवले होते: खटका आणि चाक एकाच तापमानाला असतील, तर केवळ आकारातल्या असमानतेमुळे चाक एका दिशेने फिरत नाही.

म्हणजे झडप नुसती असून भागत नाही. ती ठरलेल्या वेळी उघडण्यासाठी आणि मिटण्यासाठी बाहेरून ऊर्जा खर्च करावी लागते. वलयाला हलवण्यासाठी मात्र वेगळ्या ऊर्जेची गरज नाही, कारण ते काम द्रावकाचे धक्के फुकट करतात. अमेरिकेतील मेन विद्यापीठाचे सैद्धांतिक शास्त्रज्ञ डीन ॲस्टुमियन यांनी ही भूमिका अनेक वर्षे सातत्याने मांडली होती, आणि पुढे ते या गटाच्या कामात सहभागीही झाले. रेणूच्या जगात ‘जोराचा धक्का’ ही कल्पना फारशी उपयोगाची नाही, हे मान्य करणे अभियांत्रिकीची सवय असलेल्या मनाला जड जाते. मला स्वतःला ते पटायला वेळ लागला.

समोरचे मार्ग

त्या काळात प्रसिद्ध झालेल्या कामाकडे पाहिले, तर समतोलापासून दूर जाण्याचे तीन-चार रस्ते उपलब्ध होते.

पहिला रस्ता प्रकाशाचा. फेरिंगा यांनी ग्रोनिंगेन येथे १९९९ मध्ये एका दुहेरी बंधाभोवती एकाच दिशेने फिरणारा रेणू दाखवला होता, ज्यात प्रकाश एक पायरी चढवतो आणि उष्णता पुढची पायरी परत न फिरणारी करते. फिरण्यासाठी ही रचना अतिशय सुंदर आहे. पण पंपाला फिरण्यापेक्षा गोळा करणे अधिक गरजेचे असते, आणि त्या रचनेत द्रावणातून काही उचलून आणण्याची सोय नव्हती. इटलीतील बोलोन्या येथील गटानेही २०१५ मध्येच प्रकाशावर चालणारी एक रचना प्रसिद्ध केली, जिच्यात वलय दांड्यावर एका टोकाने चढून दुसऱ्या टोकाने उतरते आणि प्रकाश असेपर्यंत हे आपोआप चालू राहते.

दुसरा रस्ता ब्रिटनमधील डेव्हिड ली यांचा. एडिंबरा येथे असताना २००७ मध्ये त्यांनी असा रोटाक्सेन दाखवला, ज्यात वलय कुठे आहे यावर दांड्यावरचे फाटक उघडते की नाही हे अवलंबून असते. याला माहितीचे रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारे खटक्याचे चाक) म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेल यांनी कल्पिलेल्या, कण पाहून दार उघडणाऱ्या-लावणाऱ्या चिमुकल्या राक्षसाची आठवण करून देणारी ही युक्ती आहे. तिचा मोठा फायदा असा, की ऊर्जा मिळत राहिली तर माणसाला मध्ये हात घालावा लागत नाही. तोटा असा, की वलयाच्या जागेनुसार फाटकाच्या अभिक्रियेचा वेग बदलेल अशी रसायनप्रणाली शोधणे अवघड आहे, आणि त्या वेळी अशा प्रणाली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

तिसरा रस्ता ऊर्जेच्या रॅचेटचा. यात वलय कुठे आहे याची पर्वा न करता सर्वच रेणूंचा ऊर्जेचा नकाशा एकदम बदलला जातो: जिथे खड्डा होता तिथे टेकडी येते, एक बांध उंचावतो, दुसरा खाली येतो, आणि काही वेळाने सगळे पुन्हा पूर्ववत होते. हे बदल योग्य क्रमाने झाले, तर इकडेतिकडे भटकणारे वलय हळूहळू एका दिशेला जमा होते. या मार्गात प्रत्येक फेरीला प्रयोगकर्त्याने काहीतरी करावे लागते, म्हणजे यंत्र स्वयंचलित राहत नाही. नॉर्थवेस्टर्नच्या गटाने हा मार्ग घेतला. त्यांच्या हातात आधीच असलेले वलय त्याला अगदी अनुकूल होते, आणि माझ्या मते निवडीचे खरे कारणही तेच.

पहिला निर्णायक टप्पा: वलयाचा स्वभाव बदलणे

जुन्या शटलांमध्ये वलय तेच राहत असे आणि दांड्यावरची एखादी जागा बदलली जाई. २०१० मध्ये गटाने एक वेगळी गोष्ट सविस्तर मांडली. ब्लू बॉक्स वलयाचे क्षपण केले, म्हणजे त्याला दोन इलेक्ट्रॉन दिले, तर त्याचे चार धनप्रभार दोनवर येतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंवर एकेक अयुग्मित (जोडी नसलेला) इलेक्ट्रॉन येतो. दांड्यावर एक व्हायोलोजेन घटक असेल, तर तोही एक इलेक्ट्रॉन घेऊन मुक्त मूलक, म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला घटक, बनतो. दोघेही धनप्रभारित असूनही अयुग्मित इलेक्ट्रॉनांच्या जोडीमुळे ते एकमेकांना घट्ट धरतात, आणि वलय दांड्यावरच्या त्या घटकाभोवती जाऊन बसते. द्रावण तेव्हा जांभळे दिसते. इलेक्ट्रॉन काढून घेतले की वलयावर पुन्हा चार प्रभार आणि दांड्यावरच्या घटकावर दोन प्रभार येतात, आणि क्षणापूर्वी एकमेकांना धरून बसलेले दोघे एकमेकांना जोराने दूर लोटू लागतात.

या निरीक्षणाचे मोल रचनेच्या दृष्टीने फार मोठे होते. इलेक्ट्रॉन देणे आणि घेणे या एकाच संकेताने तीन गोष्टी एकदम बदलत होत्या: बसण्याच्या जागेचे आकर्षण, त्याच जागेचे अपकर्षण, आणि वाटेतल्या कोणत्याही प्रभारित अडथळ्याची उंची. शेवटची गोष्ट सहज नजरेतून सुटते. दोन प्रभारांच्या वलयाला जो धनप्रभारित अडथळा ओलांडता येतो, तोच चार प्रभारांच्या वलयाला भिंतीसारखा वाटतो. म्हणजे वलयाचा स्वतःचा प्रभार हीच फाटक उघडण्याची आणि लावण्याची किल्ली झाली, आणि फाटकासाठी वेगळी रसायनप्रणाली शोधण्याची गरज उरली नाही.

दुसरा टप्पा: एका बाजूचे फाटक

गटाने लगेच पंप बनवला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दांड्याच्या एका टोकाला एक धनप्रभार असलेला डायमिथाइलपिरिडिनियम गट आणि दुसऱ्या टोकाला प्रभारहीन पण आकाराने काहीसा अडवणारा गट ठेवला गेला. ऑक्सिडीकरण झालेल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या, चार प्रभारांच्या वलयाला पिरिडिनियमचे फाटक बंद वाटे, म्हणून ते प्रभारहीन टोकाने आत येऊन दांड्याच्या मध्यावर बसे. क्षपण झाल्यावर दोन प्रभारांच्या वलयाला तेच फाटक उघडे मिळे, म्हणून ते पिरिडिनियमच्या बाजूने बाहेर पडे. इंधन म्हणून इथे प्रकाश वापरला होता. वलय एकाच दिशेने पार होत होते, पण बाहेर पडून पुन्हा द्रावणात मिसळत होते. दिशा मिळाली, साठा मिळाला नाही.

हा टप्पा वेगळा सिद्ध करून घेण्याचा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. संपूर्ण पंप एकदम बनवून तो चालला नसता, तर दोष आकर्षणात आहे, फाटकात आहे की साठवणीत आहे हे शोधणे फार कठीण गेले असते, कारण या सर्व गोष्टी एकाच एनएमआर वर्णपटात (रेणूची रचना ओळखण्याच्या चुंबकीय चाचणीत) एकमेकींवर चढलेल्या दिसतात. २०१४ च्या पुढच्या कामात एक वलय खरोखरच जास्त ऊर्जेच्या स्थितीत नेऊन काही काळ तिथे अडकवून ठेवता येते हे दाखवले गेले, आणि मग एकाच प्रश्नाचे उत्तर बाकी राहिले: हेच पुन्हा करता येईल का, म्हणजे पहिले वलय जागेवर असताना दुसरे आणता येईल का?

तिसरा टप्पा: गतिरोधकाची उंची

२०१५ च्या रेणूचा दांडा डावीकडून उजवीकडे वाचला तर असा दिसतो. टोकाला पिरिडिनियमचे प्रभारित फाटक. त्याला लागून व्हायोलोजेनची जागा. तिच्या पलीकडे आयसोप्रोपिलफेनिल हा मध्यम आकाराचा गट, ज्याला गतिरोधक म्हणणे योग्य होईल. मग कार्बनांची लांब साखळी, जिच्यावर वलये साठायची आहेत. आणि उजव्या टोकाला इतका अवजड गट, की वलय तिथून कधीच निसटू शकत नाही.

यातला सगळ्यांत नाजूक भाग गतिरोधक. बांगड्या भरताना कासार हात दाबून, अंगठा आत दुमडून बांगडी पुढे सरकवतो. बोटांच्या सांध्यांवरून जाताना ती अडते, पण एकदा मनगटावर आली की हात कितीही हलवला तरी सहज परत येत नाही. बांगडी फार लहान असेल तर सांध्यांवरून जाणारच नाही, आणि फार मोठी असेल तर हात खाली करताच गळून पडेल. गतिरोधकाच्या आकाराचा प्रश्न नेमका असाच होता. चार प्रभारांच्या वलयाला मागून व्हायोलोजेनचे अपकर्षण लोटत असताना त्याने तो ओलांडायला हवा. पण पुढच्या फेरीत व्हायोलोजेन पुन्हा आकर्षक झाल्यावर साखळीवरच्या वलयाने मात्र तो लवकर ओलांडू नये.

‘लवकर’ या शब्दावर इथे सगळे टेकले आहे. दुसऱ्या क्षपणाच्या वेळी साखळीवरच्या पहिल्या वलयाला परत जाऊन व्हायोलोजेनवर बसणे ऊर्जेच्या हिशेबाने परवडणारेच असते, आणि पुरेसा वेळ दिला तर ते जाईलही. ते जात नाही, कारण त्याच वेळी द्रावणातले एक नवे वलय डाव्या बाजूच्या उघड्या फाटकातून आत येऊन ती जागा आधीच बळकावते. ही शर्यत आहे. नव्या वलयाची वाट सोपी आणि जुन्याची वाट अवघड ठेवली, म्हणून नवे जिंकते. उष्मागतिकीने (ऊर्जेच्या हिशेबाने) जे मना केलेले नाही, ते गतिकीने (वेगाच्या हिशेबाने) रोखून धरले आहे. द्रावणात मोकळी वलये पुरेशी ठेवणे आणि क्षपित अवस्था गरजेपेक्षा जास्त वेळ न लांबवणे, या दोन साध्या वाटणाऱ्या अटी इथून येतात.

प्रत्यक्ष कृती

प्रयोग ॲसिटोनायट्राइल या द्रावकात, हवेतला ऑक्सिजन दूर ठेवून करण्यात आले, कारण मुक्त मूलकांना ऑक्सिजन चालत नाही. क्षपणासाठी जस्ताची पूड आणि ऑक्सिडीकरणासाठी नायट्रोसोनियमचा क्षार वापरला गेला. क्रम असा होता: जस्त घालायचे, जांभळा रंग येऊ द्यायचा, उरलेले जस्त गाळून काढायचे, ऑक्सिडीकारक घालून रंग घालवायचा, आणि वलयाला गतिरोधक ओलांडायला वेळ द्यायचा. मग तेच पुन्हा.

पहिल्या फेरीअखेर साखळीवर एक वलय आणि दुसऱ्या फेरीअखेर दोन वलये मिळाली. प्रभारांचा हिशेब मांडला तर या यशाचे स्वरूप स्पष्ट होते. दांड्यावर तीन धनप्रभार आणि प्रत्येक वलयावर चार, म्हणजे अखेरच्या रेणूवर अकरा धनप्रभार एकमेकांच्या जवळ कोंबलेले होते. साध्या मिश्रणात असे संयुग तयार होण्याची काहीच शक्यता नाही. दांडा आणि वलये एकत्र ठेवली तर ती एकमेकांपासून दूरच राहतात.

निष्पत्ती

दोन वलये ही संख्या लहान वाटते. मात्र तिसऱ्या-चौथ्या फेरीची शक्यता त्या दोन वलयांनीच खुली केली, कारण दुसरी फेरी पहिलीहून वेगळी नसून तिचीच पुनरावृत्ती आहे हे त्यांनी दाखवले. पुढच्या काही वर्षांत पंपाच्या सुधारित आवृत्त्या आल्या, आणि जस्त व नायट्रोसोनियम यांच्या जागी विद्युतअग्रे वापरून केवळ विभव बदलत फेऱ्या घेता येऊ लागल्या.

२०२० मध्ये त्याच गटाने पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या लांब साखळीच्या दोन्ही टोकांना एकेक पंप जोडला. दोन्ही पंप आतल्या दिशेने काम करत असल्यामुळे प्रत्येक फेरीत दोन वलये चढतात. पाच फेऱ्यांत दोन, चार, सहा, आठ आणि दहा वलये असलेले रोटाक्सेन मिळाले, आणि शेवटच्यात वलयांवरचे प्रभार चाळीस झाले. याचे महत्त्व समजण्यासाठी जपानमधील अकिरा हाराडा यांनी १९९२ मध्ये वर्णन केलेल्या ‘रेणूंच्या हारा’शी तुलना करावी. त्यातही सायक्लोडेक्स्ट्रिनची अनेक वलये याच प्रकारच्या बहुवारिकावर (लांब साखळीच्या रेणूवर) ओवली गेली होती, पण तिथे वलये आपण होऊन चढतात, म्हणून एका साखळीवर किती बसली हे सरासरीनेच सांगता येते. पंपाने ओवलेल्या साखळीत वलयांची संख्या फेऱ्यांनी ठरते. संश्लेषणात ‘सुमारे इतकी’ आणि ‘नेमकी इतकी’ यांच्यातले अंतर किती मोठे असते, हे बहुवारिकांवर काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

२०२१ मध्ये या पंपांचे संच धातू-सेंद्रिय जाळीच्या पृष्ठभागावर बसवून द्रावणातली वलये पृष्ठभागावर ओढून घेण्याचे कामही प्रसिद्ध झाले. पृष्ठभागावर पदार्थ चिकटण्याचे भौतिक आणि रासायनिक असे दोनच प्रकार पाठ्यपुस्तकांत शिकवले जातात; यांत्रिक बंधाने आणि बाहेरून ऊर्जा पुरवून झालेले हे अधिशोषण त्यांच्यात बसत नसल्याने त्याला वेगळे नाव द्यावे लागले.

काय वेगळे करता आले असते

पहिला आक्षेप इंधनाबद्दलचा आहे. रासायनिक क्षपणकारक आणि ऑक्सिडीकारक आळीपाळीने घालण्यात प्रत्येक फेरीबरोबर द्रावणात जस्ताचे आणि इतर क्षार साचत जातात, आणि प्रत्येक वेळी गाळताना थोडा माल हातून जातो. दोन फेऱ्यांपुरते हे चालते, दहा फेऱ्यांना चालणार नाही. व्हायोलोजेनचे विद्युतरसायन आधीपासून उत्तम माहीत असताना पहिल्या आवृत्तीपासूनच विद्युतअग्रांवर भर दिला असता, तर मधली काही वर्षे वाचली असती असे म्हणता येईल. उलट बाजूने असेही म्हणता येते, की जस्ताची पूड बाटलीत टाकून एनएमआर घेणे सोपे असते, आणि रचना चालते की नाही हेच ठाऊक नसताना उपकरणांची गुंतागुंत वाढवणे शहाणपणाचे नव्हते. मी दुसऱ्या मताकडे झुकतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हा पंप स्वतः चालत नाही. त्याला कोणीतरी चालवतो. पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी उपलब्ध असेपर्यंत न सांगता चालतो, कारण इंधनाचे विघटन घडवून आणणारे विकर तो स्वतःच आहे. ऊर्जेच्या रॅचेटचा मार्ग निवडताना हा गुण गटाने जाणूनबुजून सोडला होता. मँचेस्टरला गेलेल्या ली यांच्या गटाने २०१६ मध्ये रासायनिक इंधनावर आपोआप फिरणारी मोटर आणि २०२१ मध्ये उत्प्रेरणावर चालणारा पंप प्रसिद्ध केला, ज्यात इंधन द्रावणात असेपर्यंत दांड्याच्या टोकावरचा अवजड गट बसतो, निघतो, पुन्हा बसतो, आणि प्रत्येक वेळी एखादे वलय आत अडकते. तिथे माणसाचा हात लागत नाही. म्हणून तो मार्ग श्रेष्ठ आणि हा कनिष्ठ असे मात्र मला वाटत नाही. नेमकी सहा वलये हवी असतील, तर ज्याला प्रत्येक फेरीनंतर थांबवता येते असा पंप अधिक उपयोगी; सतत चालणाऱ्याला सहावर थांबायला सांगणे सोपे नाही. निवड कशासाठी पंप हवा यावर ठरते, आणि २०१५ मध्ये हा प्रश्न पुरेसा स्पष्ट विचारला गेलेला दिसत नाही.

तिसरी गोष्ट साठवणीच्या पलीकडची. सोडियमचा साठा मज्जातंतूंना उपयोगी पडतो, कारण पडद्यात सोडियमला परत येण्यासाठी वेगळ्या वाहिन्या असतात आणि त्या हव्या तेव्हा उघडतात. या पंपाच्या साखळीवर जमलेल्या वलयांना तशी वाहिनी नाही. एका टोकाला कायमचा अडसर, दुसऱ्या टोकाला गतिरोधक आणि फाटक. वलये सोडायची तर दांडाच तोडावा लागतो किंवा त्यांना क्षपित अवस्थेत दीर्घकाळ ठेवून उलट्या वाटेने जाऊ द्यावे लागते, आणि दोन्हींत साठवलेली ऊर्जा उष्णता होऊन द्रावणात विरून जाते. उजव्या टोकाचा अडसर सुरुवातीलाच दुसऱ्या एखाद्या संकेताने, उदाहरणार्थ प्रकाशाने, बाजूला होणारा ठेवला असता, तर वलये एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने ठरलेल्या वेळी उतरली असती, आणि पंप पडद्यात बसवला तर दोन कप्प्यांमध्ये संहतीचा फरक उभा करता आला असता. २०१३ च्या रचनेत दांड्याची दोन्ही दारे आळीपाळीने उघडत होती आणि वलये थांबत नव्हती. २०१५ च्या रचनेत उजवे दार पक्के बंद केले आणि वलये निघेनाशी झाली. कडीचे दार बसवायचे काम त्या दोहोंच्या मध्ये राहून गेले.